क्रॅव्हॅट कसा बांधावा

टाय लावली तर फार औपचारिक वाटते आणि गळा मोकळा ठेवला तर फार सैल, अशा प्रसंगांसाठी क्रॅव्हॅट, म्हणजे कॉलरच्या आत गळ्याभोवती बांधायचा रुंद गळपट्टा, हे उत्तम वस्त्र आहे. हिवाळ्यातला सायंकाळचा स्वागतसमारंभ, क्लबमधले जेवण, ब्लेझर घालून जायचे स्नेहसंमेलन अशा ठिकाणी तो शोभतो. नोकरीच्या मुलाखतीला मात्र तो घालू नये, तिथे टायच बरी.

सतराव्या शतकात फ्रान्सच्या सेवेत असलेले क्रोएशियन सैनिक गळ्याला कापड बांधत. फ्रेंच दरबाराने ती पद्धत उचलली आणि चौदाव्या लुईच्या काळात ती युरोपभर पसरली. आजची टायही याच वंशातली. पुढे लंडनमध्ये, नेटक्या पोशाखासाठी गाजलेल्या ब्यू ब्रमेलने खळ दिलेल्या पांढऱ्या मलमलीचा गळपट्टा बांधण्याची कला इतकी वाढवली की, पहिल्या प्रयत्नात जमला नाही तर तो कापड टाकून देई आणि नवे घेई, असे सांगतात. आपल्याला त्या कडकपणाची गरज नाही. शर्टाच्या कॉलरच्या आत, थेट गळ्याला लावून बांधायच्या आजच्या क्रॅव्हॅटचे सारे सौंदर्य त्याच्या सैलपणात आहे.

खरेदी करताना एक घोळ होतो तो आधी सांगतो. अमेरिकेत याच वस्त्राला ॲस्कॉट म्हणतात. ब्रिटनमध्ये मात्र ॲस्कॉट म्हणजे लग्नासारख्या औपचारिक प्रसंगी कॉलरच्या बाहेर बांधून वर पिन लावायचा प्रकार. आपल्याला हवा तो क्रॅव्हॅट साधारण 120 सेंटिमीटर लांब असतो, त्याची दोन्ही टोके 15 सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतात आणि मानेमागे येणारा मधला भाग चुण्या घालून, शिवून अरुंद केलेला असतो. कापड रेशमी असावे. पॉलिस्टरचा क्रॅव्हॅट स्वस्त पडतो, पण तो गळ्याला चिकटतो आणि त्याची गाठ तासाभरात घसरते.

शर्ट ताठ कॉलरचा घ्यावा, कारण कॉलर मरगळलेली असेल तर आतले रेशीम तिला बाहेर ढकलते आणि सगळा थाट विसकटतो. वरचे एक बटण उघडे ठेवावे, फार तर दोन. त्याहून अधिक उघडल्यास क्रॅव्हॅट लाळेऱ्यासारखा दिसू लागतो.

आता बांधणी. कॉलर उभी करून क्रॅव्हॅटचा अरुंद भाग मानेच्या मागे, त्वचेला लागून ठेवावा आणि दोन्ही टोके सुलट बाजू बाहेर ठेवून छातीवर सोडावीत, त्यांतले एक टोक दुसऱ्यापेक्षा साधारण एक वीत खाली येईल असे. लांब टोक आखूड टोकावरून पलीकडे न्यावे, त्याच्या मागून फिरवून परत पुढे आणावे आणि पुन्हा एकदा वरून पलीकडे न्यावे. एकाच वेढ्यातही काम भागते, पण दुसऱ्या वेढ्याने पकड येते आणि मान वळवताना गाठ सरकत नाही. यानंतर तेच टोक गाठीच्या मागून, गळा आणि कापड यांच्यामधून वर काढावे आणि गाठीवरून पुढे सोडावे. टायप्रमाणे ते गाठीच्या आतून खाली ओढायचे नसते. इथेच सवयीचा हात चुकतो.

आरशासमोर खरा वेळ द्यावा तो यापुढच्या कामाला. वरचे टोक दोन्ही हातांनी हळूच पसरून खालची गाठ पूर्ण झाकावी, गाठ कंठमण्याच्या किंचित खाली आणावी आणि अंगठ्याने मधोमध दाबून रेशमाला थोडा फुगवटा द्यावा. हा फुगवटा नसेल तर कापड पट्टीसारखे सपाट दिसते. कापड आणि गळा यांच्यात एक बोट सहज जावे. मग आखूड टोक मागे, लांब टोक पुढे अशी दोन्ही टोके शर्टात खोचावीत आणि कॉलर खाली पाडावी. ज्यांना फार हालचाल करायची आहे त्यांनी बारीक टाचणी आतल्या पदरातून, बाहेर दिसणार नाही अशी लावावी. जाड पिनेने रेशमाला पडलेले भोक बुजत नाही.

तयार क्रॅव्हॅट सहज मिळत नसेल तर सुमारे 90 सेंटिमीटरचा चौकोनी रेशमी रुमालही चालतो. समोरासमोरची दोन टोके मध्याशी आणून, तशाच घड्या घालत त्याची चार बोटे रुंद पट्टी करावी आणि वरच्याच रीतीने बांधावी. इथे मात्र एकच वेढा घ्यावा.

रंगाबाबत माझे मत ठाम आहे: फिक्या, एकरंगी शर्टावर गडद क्रॅव्हॅट, त्यावर बारीक ठिपके किंवा कैरीची नक्षी. खिशातला रुमाल त्याच कापडाचा घेऊ नये, जोडीने विकत मिळत असला तरी; एकाच थानातून कापल्यासारखे दोन तुकडे अंगावर गणवेशासारखे दिसतात. मुंबईच्या दमट हवेत, मे महिन्यात, रेशमाचा हट्ट न धरता पातळ सुती कापड घ्यावे.

अत्तर क्रॅव्हॅट बांधण्याआधी लावून वाळू द्यावे, कारण रेशमावर त्याचे डाग पडतात. काढताना ओढून न काढता गाठ पूर्ण सोडवावी, घामाचा ओलावा सावलीत जाऊ द्यावा आणि मग सैल गुंडाळी करून कप्प्यात ठेवावा. सुरकुत्या राहिल्या तर वाफेवर धरावा. चुण्यांवर गरम इस्त्री फिरवू नये, त्या एकदा बसल्या की क्रॅव्हॅट गळ्याभोवती नीट वळत नाही.