झाडाजवळची प्रार्थना, आणि उरलेला दिवस

सकाळी फोन घरीच ठेवा आणि बाहेर पडा. सोबत शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला उतारा, एकच. मी नव्या माणसाला नेहमी स्तोत्र 104 देते. त्यात झरे आहेत, तहानलेली रानगाढवं, करकोचे, रात्री शिकारीला निघणारे सिंह, आणि 23व्या वचनात कामाला जाणारा माणूस. म्हणजे आपला नंबर सिंहांनंतर. मला हे फार आवडतं.

आता एकाच गोष्टीपाशी थांबा. सगळी बाग नको. सालीवरचं शेवाळ घ्या किंवा ओझं नेणारी मुंगी. दहा मिनिटं नुसतं बघा, लगेच बोध काढू नका. मन भटकलं तर शांतपणे परत आणा. मग मोठ्याने आभार माना, पण नेमके: ‘सृष्टीबद्दल’ नव्हे, ‘या ओल्या शेवाळाबद्दल’.

एक भान ठेवा. झाड देव नाही, देवाचं आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 1:20 मध्ये (अध्याय 1, वचन 20) निर्मितीवरून निर्माणकर्ता ओळखण्याची गोष्ट आहे; पाचच वचनांनी निर्मितीच्या पूजेबद्दल इशाराही आहे. घरट्यातून पडलेलं मेलेलं पिल्लू दिसलं तर नजर वळवू नका. त्याच पत्राच्या 8:22 मध्ये सृष्टी कण्हते, तेही प्रार्थनेत येऊ द्या.

घरी परतल्यावर बायबलच्या लेवीय पुस्तकातलं 19:9-10 वाचा. शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबांसाठी राहू द्या, असं तिथे सांगितलंय. शेत नसेल तर दिवसाची कड सोडा: संध्याकाळचा अर्धा तास रिकामा ठेवा. एकट्या शेजारणीचं औषध आणायला तो उपयोगी पडतो. तिला वचन ऐकवायची गरज नाही; तिने विचारलं तर सांगा.