किक हलकी लागते म्हणून इंजिन उघडू नका : कॉम्प्रेशन तपासताना या चुका टाळा

पुण्यात धायरीतला एक शेजारी घरोघरी पार्सल पोहोचवतो. मागच्या पावसाळ्यात तो आपली १०० सीसीची गाडी ढकलत माझ्याकडे घेऊन आला. एका गॅरेजने ‘कॉम्प्रेशन गेले’, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा पुरेशी दाबली जात नाही, असे सांगून बोअर-पिस्टनचे नवे किट बसवले होते, त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते, तरीही सकाळी थंड इंजिनावर किक मारली की पाय अलगद खाली जात असे. टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट जुळवायच्या स्क्रूचे, झाकण काढून पिस्टन वर आणला आणि एक्झॉस्टच्या बाजूला ०.०५ मिमीची पट्टी सरकवून पाहिली. ती आत जाईना. तिथे फट उरलीच नव्हती, त्यामुळे व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण बसत नव्हता आणि दाबलेली हवा सायलेन्सरमधून निघून जात होती. कंपनीने दिलेल्या मापाइतकी फट ठेवताच गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. नशिबाने व्हॉल्व्ह अजून जळला नव्हता. मात्र किटचे पैसे आणि तीन दिवसांचा रोज हकनाक गेला होता, आणि ज्याचे पोट गाडीवर चालते त्याच्यासाठी हे नुकसान लहान नसते.

इथली मूळ चूक म्हणजे हवा कुठून निसटते हे न शोधताच इंजिन उघडणे. दाबलेल्या हवेला निसटायला वाटा मोजक्याच असतात : इनटेक आणि एक्झॉस्ट या दोन्हींपैकी एखादा व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत), हेड आणि सिलिंडरमधले हेड गॅस्केट किंवा नीट न आवळलेला प्लग. यांपैकी कोणती वाट उघडी आहे, हे इंजिन न खोलता बहुतेक वेळा कळते.

त्याआधी कॉम्प्रेशन खरोखरच गेले आहे का, याची खात्री करावी. अनेक गाड्यांमध्ये किकचा जोर क्लचमधून क्रँकपर्यंत (पिस्टनला वर-खाली हलवणाऱ्या फिरत्या दांड्यापर्यंत) पोहोचतो, त्यामुळे क्लचप्लेट घसरत असतील किंवा क्लचच्या तारेला मोकळीक उरली नसेल, तरी किक हलकीच लागते. कात्रजच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे होत असेल तर आधी क्लचकडे पाहावे. पडताळणी सोपी आहे. मॅग्नेटोच्या (क्रँकच्या टोकावरच्या, वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) झाकणावरची टोपी काढून, क्रँकच्या नटावर पाना लावून इंजिन फिरते त्या दिशेने सावकाश फिरवावे; नट सैल होत नाही ना, याकडे लक्ष असावे. कॉम्प्रेशन शाबूत असेल तर एका जागी पान्याला स्प्रिंगसारखा प्रतिकार जाणवतो, आणि इथे क्लचचा संबंध येत नसल्यामुळे हाताला लागते ते खरे असते.

प्लगच्या जागी लावायच्या दाबमापकाने, म्हणजे गेजने, मोजताना सर्वाधिक चुका होतात. थ्रॉटल बंद ठेवून किक मारली की सिलिंडरमध्ये पुरेशी हवा जात नाही आणि चांगले इंजिनही खराब ठरते. म्हणून इंजिन गरम करून, चोक न लावता, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून, काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक माराव्यात. किक नसलेल्या नव्या गाड्यांत बॅटरी पूर्ण चार्ज असावी, कारण सेल्फ मंद फिरला तर आकडा हमखास कमी येतो. फ्युएल इंजेक्शन असेल तर पंपाचा कनेक्टर काढून ठेवावा, नाहीतर पेट्रोल आत पडत राहते आणि बोअरवरचे तेल धुऊन जाते. काढलेला प्लग त्याच्या टोपीतच ठेवून इंजिनाच्या धातूला टेकवावा; वायर मोकळी लोंबती ठेवल्यास सीडीआय किंवा ईसीयू (ठिणगी सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक युनिट) निकामी होऊ शकतो. दोन प्लगच्या पल्सरमध्ये एका जागी गेज लावताना दुसरा प्लग आवळलेलाच हवा. एन्फिल्डसारख्या ज्या इंजिनांत आपोआप चालणारा डीकॉम्प्रेसर (सुरू करताना थोडा दाब सोडून देणारी यंत्रणा) असतो, त्यांत सेल्फवर येणारा आकडा मुळातच कमी असतो, म्हणून दुसऱ्या गाडीच्या आकड्याशी तुलना करू नये. तुलना त्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याशी करावी, आणि पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे पाच-सहा टक्क्यांची तूट दोष मानू नये.

आकडा खरोखरच कमी आला तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिलि, इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा बराच वर गेला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. जवळपास तोच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे. सढळ हाताने तेल ओतू नये, कारण तेलाने जागा व्यापली की दोष कुठेही असला तरी आकडा वाढतो. शिवाय स्प्लेंडरसारख्या आडव्या सिलिंडरमध्ये तेल खालच्या बाजूलाच साचते, तेव्हा इंजिन दोन-चारदा फिरवून ते पसरू द्यावे आणि तरीही या चाचणीवर पूर्ण विसंबू नये.

माझा खरा भरवसा हवेच्या चाचणीवर आहे, आणि आपल्याकडे ती फार कमी लोक करतात याची मला खंत वाटते. जुन्या प्लगमधली चिनी माती काढून त्यात हवेची नळी बसवून घेता येते, आणि हवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची चालते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत अगदी वर आणावा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक कोणीतरी घट्ट दाबून धरावा, नाहीतर हवेच्या जोराने क्रँक फिरतो आणि किकला झटका बसतो. मग ४०-५० पीएसआय हवा सोडून इंजिन बंद असतानाच्या शांततेत कान द्यावा. सायलेन्सरच्या तोंडाशी फुस्स आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडीतून आला तर इनटेक, ऑइल भरायच्या भोकातून जोरात आला तर रिंगा आणि बोअर. रिंगांवरून थोडी हवा निरोगी इंजिनातही जाते, त्या मंद सुस्काऱ्याला घाबरू नये. हेडच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावले की फुटलेले गॅस्केट बुडबुड्यांनी स्वतःच जागा दाखवते.

व्हॉल्व्हकडे बोट दाखवले गेले तर पहिली शंका टॅपेटची घ्यावी. टॅपेटचा आवाज बंद झाला म्हणजे इंजिन सुधारले, हा समज सर्वांत महागात पडतो. सीट झिजत जाते तसा व्हॉल्व्ह वर सरकतो, फट कमी होत जाते आणि आवाज थांबतो. पुढे तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटला नीट न टेकल्यामुळे आपली उष्णता हेडला देऊ शकत नाही आणि त्याची कड जळते. फट नेहमी थंड इंजिनावरच मोजावी. मॅग्नेटोवरची ‘टी’ खूण कॉम्प्रेशनच्या आणि एक्झॉस्टच्या अशा दोन्ही फेऱ्यांत समोर येते, त्यामुळे दोन्ही रॉकर मोकळे हलतात याची खात्री केल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये. फट बरोबर करूनही गळती राहिली, तरच हेड उतरवावे. पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासल्यावर, प्लग बसवलेल्या हेडच्या पोर्टमध्ये पेट्रोल भरून काही मिनिटे थांबावे; आतल्या बाजूला ओल दिसली तर काम अपुरे आहे. हे काम उघड्यावर आणि आगीपासून दूर करावे.

दोष रिंगांचा असेल तर नाना पेठेतून नुसत्या रिंगा आणून घालण्याचा मोह होतो. बोअर लंबगोल झिजलेला असेल तर नव्या रिंगा काही आठवडेच टिकतात, म्हणून लेथवाल्याकडून आधी बोअर वर, मध्ये आणि खाली मोजून घ्यावा आणि मगच ओव्हरसाइज पिस्टनचा निर्णय घ्यावा. ज्यांच्या बोअरवर निकासिलचा (एका कठीण मुलाम्याचा) थर असतो, अशा ड्यूक ३९० सारख्या गाड्यांचा सिलिंडर साध्या पद्धतीने रिबोअर करायला, म्हणजे आतून कापून मोठा करायला, कधीही देऊ नये. नवी रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तिच्या टोकांमधली फट मोजावी, अक्षर कोरलेली बाजू वर ठेवावी आणि रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत. हेडचे नट तिरप्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आणि टॉर्क पान्यानेच आवळावेत. एअर फिल्टर फाटलेला असेल तर तोही याच वेळी बदलावा, कारण बोअर बहुधा त्यातून आलेल्या धुळीनेच खाल्लेला असतो.

पाण्यात बुडालेल्या गाडीचे प्रकरण वेगळे आहे. २०२४ च्या जुलैमध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा तिथल्या गाड्याही पाण्यात गेल्या. अशा गाडीला प्लग न काढता किक किंवा सेल्फ मारणे ही घातक चूक आहे, कारण पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड पिस्टनला पूर्ण वर येऊ देत नाही, मग व्हॉल्व्ह आणि रिंगा ठणठणीत असूनही आकडा कमीच राहतो. प्लगच्या छिद्रातून पातळ काडी सोडून पिस्टन वर कुठवर येतो ते त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून पाहिले, तर याचा अंदाज हेड न काढताही येतो.

काम झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर इंजिन ताणू नये आणि एकाच वेगात तासन्‌तास चालवूही नये. त्यानंतर ऑइल बदलावे, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर सकाळी टॅपेट पुन्हा मोजावे, आणि त्याच गेजने आलेला नवा आकडा तारखेसह सर्व्हिसच्या पुस्तकात लिहून ठेवावा.