सिटीच्या कामांसाठी मायनॉरिटी सर्टिफिकेट काढताय? आधी हे बघा

आपल्यातले बरेच जण इथे अमेरिकेत आयटी स्टाफिंग, सिव्हिल इंजिनिअरिंग नाहीतर केटरिंग चालवतात आणि पहिला प्रश्न हाच असतो की बायकोच्या नावावर कंपनी करून मायनॉरिटी सर्टिफिकेट (कंपनी अल्पसंख्य वंशाच्या माणसाची किंवा बाईची आहे असा सरकारी दाखला) काढलं की सिटीचं काम पटकन मिळतं ना? नाही मिळत. आणि आता तर नियमच बदलतायत, त्यामुळे जुन्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर विसंबून राहू नका.

पैसा कुणाचा आहे ते आधी बघा. रस्ते, बस-मेट्रो, एअरपोर्टच्या कामात फेडरल पैसा असेल तर डीबीई (डिसअॅडव्हान्टेज्ड बिझनेस एंटरप्राइझ, म्हणजे मागे पडलेल्यांच्या धंद्यांसाठीचा) प्रोग्रॅम लागतो. त्यात पूर्वी भारतीय वंशाच्या माणसाला किंवा कुठल्याही बाईला 'डिसअॅडव्हान्टेज्ड' धरूनच चालायचे, पण ऑक्टोबर 2025 मध्ये फेडरल वाहतूक खात्याने ते काढून टाकलं. आता ज्यांच्याकडे आधीपासून सर्टिफिकेट आहे त्यांचीही फेरतपासणी, आणि आपल्याला धंद्यात कुठे कसं डावललं गेलं याची हकिगत प्रत्येकाने स्वतः लिहून द्यायची, तीही वंश किंवा लिंग यांचा आधार न घेता. सिटीचा स्वतःचा पैसा असेल तर सिटीचे नियम. न्यूयॉर्कमध्ये एम-डब्ल्यूबीई (मायनॉरिटी आणि महिलांच्या मालकीचे धंदे) सर्टिफिकेशन सिटीच फुकटात करते (त्यामुळे एजंटला पैसे देऊ नका), फिलाडेल्फियाने मात्र 2025 मध्ये वंश-लिंगाची टार्गेटं (कामातला इतका वाटा अशा कंपन्यांना द्यायचा, हे उद्दिष्ट) सोडून लहान आणि लोकल धंद्यांचा रस्ता धरला.

हे सगळं कशामुळे? 1989 मध्ये रिचमंड शहराच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 30 टक्क्यांचा मायनॉरिटी कोटा उडवला आणि सांगितलं की वंशावर आधारित सवलत द्यायची तर आपल्याच शहरात भेदभाव झाल्याचा ठोस पुरावा दाखवा. म्हणून शहरं लाखो डॉलर घालून डिस्पॅरिटी स्टडी करतात, म्हणजे कामं मिळण्यात कुणावर अन्याय होतो का याचा आकड्यांनिशी अभ्यास. 2023 चा सुप्रीम कोर्टाचा हार्वर्डचा निकाल (वंश बघून प्रवेश देण्याच्या विरोधातला) कॉलेज प्रवेशांचा होता, पण त्यानंतर टेंडरवरही केसेसचा जोर वाढला. गंमत म्हणजे कोर्टाची चाळणी सगळ्यांना सारखी नाही, वंशाला सगळ्यात बारीक, महिलांना मधली, अपंगत्वाला सगळ्यात सैल, म्हणून एकाच प्रोग्रॅममधला अपंगांचा भाग टिकेल आणि वंशाचा उडेल असं होऊ शकतं.

आता सर्टिफिकेटच्या अर्जाची फाइल. साधारण 51 टक्के मालकी लागते, ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप लागते (एच-वन वाल्यांनी इथेच थांबा), आणि खरी परीक्षा कंट्रोलची, म्हणजे कंपनी खरंच कोण चालवतं याची. आमच्या ओळखीच्या एका वहिनींना तपासणीच्या व्हिजिटला आलेल्या बाईने सरळ विचारलं, मागच्या बिडमध्ये लेबरचा रेट कसा काढला? वहिनी नवऱ्याकडे बघायला लागल्या, झालं. तेव्हा बँकेची सही, लायसन्स, लीज, टॅक्स रिटर्न, पगार कोण किती घेतं, हे कागद एकमेकांशी जुळतात का ते तुम्हीच आधी बसून बघा, आणि नवऱ्याचा पगार मालकिणीपेक्षा जास्त असेल तर उत्तर तयार ठेवा.

हकिगत लिहिताना 'आम्हाला फार त्रास झाला' असं मोघम लिहून चालत नाही. कुठल्या वर्षी, कुठल्या बँकेने, किती कर्ज नाकारलं, बाँडिंग (काम पूर्ण करण्याची हमी) मिळालं नाही म्हणून कुठलं काम गेलं, तशाच साइजच्या दुसऱ्या कंपनीला काय मिळालं, आणि सोबत ते नकाराचं पत्र. जुने ईमेल डिलीट करू नका हो.

आणि या एकाच सर्टिफिकेटवर सगळं टांगून ठेवू नका, त्याच आठवड्यात स्मॉल बिझनेस आणि लोकल बिझनेसचीही नोंदणी करा, कागद बहुतेक तेच लागतात. बिड भरताना टेंडरमधली आजची अट वाचा, काहीतरी बदल होऊन अॅडेंडम (टेंडरची दुरुस्ती) येतो आणि आपण जुन्याच कॉपीवर बसलेलो असतो.

शेवटचं, सबकॉन्ट्रॅक्टर असाल तर प्राइमकडून (मुख्य कॉन्ट्रॅक्टरकडून) स्कोप, रेट आणि पेमेंटची मुदत सहीसकट घ्या. टार्गेट रद्द झालं की टार्गेटपुरता घेतलेला सब पहिला गळतो, आणि तेव्हा 'तुम्ही टीममध्ये आहात' एवढ्या मेलवर भांडता येत नाही.