रोटरी इंजिन घेताय? नुसत्या आकड्याला भुलू नका, कॉम्प्रेशन बघा

आपल्या गाडीत जुनं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो ते) बसवायचं असेल तर पहिलं ठरवा पॉवर किती पाहिजे, कारण 700 हॉर्सपॉवरचे व्हिडिओ बघून सगळेच हरखतात पण तीच गाडी मे महिन्यात सावंतवाडीहून आंबोली घाट चढून तापल्याशिवाय वर जाईल का ते कोण दाखवत नाय.

साडेतीनशे-चारशेत भागत असेल तर गपचूप माझदाचं 13बी-आरईडब्ल्यू घ्या. त्यांच्या आरएक्स-7 स्पोर्ट्स कारच्या एफडी मॉडेलमधलं, दोन रोटर, 1308 सीसी, शेवटच्या जपानी मॉडेलांत कंपनीतूनच 280 पीएस (हॉर्सपॉवरच्या जवळपासच). त्याचे दोन टर्बो आणि व्हॅक्यूम पायपांचं जंजाळ काढून एकच टर्बो बसवा, डोक्याचा ताप कमी. नंतरच्या आरएक्स-8 गाडीचं रेनेसिस इंजिन स्वस्त पडतं, टर्बो नको असेल तर चांगलंय, पण कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते ते, 10 (आरईडब्ल्यूचा 9), बूस्टला, म्हणजे टर्बोने जादा हवा कोंबायला, सूट कमी. आणि माझदाच्याच कॉस्मो गाडीचं तीन रोटरवालं 20बी? आवाज भारीच, पण पार्टांचे भाव ऐकून हापूसची कलमं विकायला काढाल.

आता खरी गोष्ट, इंजिन तपासायचं कसं. प्रत्येक रोटरला तीन बाजू, आणि कॉम्प्रेशन मोजायचा साधा गेज त्यातली सगळ्यात चांगलीच दाखवतो, म्हणून विकणारा "कॉम्प्रेशन मस्त आहे" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलतोच असं नाही. रोटरीचा टेस्टर नसेल तर गेजचा व्हॉल्व्ह (काटा वर अडकवून ठेवणारा) काढून स्टार्टर मारा आणि काटा बघा, तीन उड्या सारख्या पाहिजेत. एक मोठी नि दोन बारक्या दिसल्या तर बहुतेक एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) गेलं, एकच बारकी असेल तर साइड सीलवर (रोटरच्या सपाट बाजूवरची पट्टी) संशय घ्या. दोन्ही रोटरचं बघा हां.

आपल्या खाऱ्या हवेत पोर्ट (हवा-धूर जायची भोकं) उघडे टाकून शेडमध्ये पडलेलं इंजिन असेल तर लोखंडी प्लेटांना गंज आणि सील चिकटलेले धरूनच चला. खोललं की कूलंट सीलची खाच बोटाने चाचपा, कड खाल्लेली असेल तर प्लेट बाद. न खोलता घ्यायचं असेल तर रिबिल्डचा (खोलून नव्याने बांधायचा) खर्च वजा करूनच भाव बोला.

बसवताना मोठा रेडिएटर, दोन ऑइल कूलर, कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाणी, विहिरीचं नको. पेट्रोलमध्ये थोडं 2टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं) मिसळतात, एपेक्स सीलला वंगण मिळतं. ट्यूनिंग मात्र तुमच्या गावात रोज मिळतं त्याच पेट्रोलवर करून घ्या, कारण 100 ऑक्टेनवर ट्यून केलेल्या गाडीत साधं भरून बूस्ट मारला की डेटोनेशन (आतल्या पेट्रोलचा बेताल स्फोट) होऊन सील तुटतंच.

आणि इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आधी लागते, ती हातात येईपर्यंत कुणाला ॲडव्हान्स देऊ नका.