प्रायमरी कीवरून नोंद काढताना या चुका टाळा

प्रायमरी की म्हणजे टेबलमधल्या प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख. तिच्यावरून एक नोंद काढणे हे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतले सर्वांत सोपे काम समजले जाते, त्यामुळे त्या क्वेरीकडे, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाकडे, कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही.

माझा सर्वाधिक राग अवतरणचिन्हे गाळण्यावर आहे. कीचा कॉलम व्हारकॅर, म्हणजे मजकुराच्या प्रकारचा, असताना व्हेअर या अटीच्या भागात नुसता आकडा लिहिला, तर पोस्टग्रेसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली एरर देऊन थांबते. मायएसक्यूएल मात्र मुकाट्याने दोन्ही बाजू फ्लोटिंग पॉइंट (मर्यादित अचूकतेच्या) संख्या म्हणून ताडून पाहते. मग इंडेक्स, म्हणजे नोंद चटकन शोधण्याची सूची, निरुपयोगी ठरून सगळे टेबल वाचले जाते. हा उशीर एक वेळ चालेल, पण चुकीचे उत्तर कसे चालेल?

एका प्रकल्पात व्यवहार क्रमांक १८ अंकी होते आणि व्हारकॅरमध्ये साठवलेले होते. डबल या फ्लोटिंग पॉइंट प्रकारात ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे सगळेच पूर्णांक काही अचूक मावत नाहीत, त्यामुळे शेवटच्या अंकांपुरते वेगळे असलेले क्रमांक समान ठरू लागले. क्वेरी तीन नोंदी देई, आमची स्क्रिप्ट त्यांतली पहिली उचले आणि भलत्याच व्यवहाराची स्थिती बदले. चाचणीच्या डेटात क्रमांक सहा अंकी असल्याने तिथे काहीच दिसले नव्हते. दोन दिवस आम्ही दोष ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये शोधत होतो. त्यातच एका उतावळ्या सहकाऱ्याने ‘लिमिट १’ लावून, म्हणजे एकच नोंद मागून, प्रकरण मिटवण्याचा सल्ला दिला. एकाच प्रायमरी कीला तीन नोंदी येतातच कशा, हा प्रश्न त्याला पडला नव्हता!

तेव्हापासून क्वेरी लिहिण्याआधी मी टेबलची व्याख्या उघडतो आणि नंतर एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) चालवतो. मायएसक्यूएलमध्ये टाइपखाली ‘कॉन्स्ट’ (कीवरून थेट एकच नोंद) दिसले तर पुढे जातो, ‘ऑल’ (सगळे टेबल वाचणे) दिसले तर थांबतो. कीची किंमत (व्हॅल्यू) नेहमी पॅरामीटरमधून, म्हणजे क्वेरीच्या मजकुरापासून वेगळी, आणि कॉलमच्याच प्रकारात देतो. मजकूर जोडून क्वेरी तयार करणाऱ्यांना इंजेक्शनचा (बाहेरच्या मजकुरातून घातक आज्ञा घुसण्याचा) धोका पुन्हा समजावून सांगण्याचा मला कंटाळा आला आहे.

कीच्या कॉलमभोवती कास्ट (प्रकार बदलण्याची सोय) गुंडाळू नये. तेही बहुधा इंडेक्सवर पाणी सोडणेच आहे. ‘इन’च्या यादीमध्ये ज्या क्रमाने किमती दिल्या त्याच क्रमाने नोंदी येतील असे धरू नये, क्रम हवा असल्यास ऑर्डर बाय लिहावे. नुकतीच घातलेली नोंद मॅक्सने, म्हणजे सर्वांत मोठी की पाहून, शोधू नये, कारण तेवढ्यात दुसऱ्या कनेक्शनने आपली नोंद घातलेली असू शकते. दोन कॉलमांची संयुक्त की असेल, तर केवळ दुसऱ्या कॉलमवरून शोधताना त्या इंडेक्सकडून वेगाची अपेक्षा ठेवू नये. तशी गरज वारंवार पडत असल्यास त्या कॉलमवर वेगळा इंडेक्स करावा.