मॅग्नेशियमच्या गोळीने पोट बिघडत होतं, ते असं थांबलं

लक्षण: ४०० मिग्रॅची मॅग्नेशियम ऑक्साइडची गोळी रिकाम्या पोटी घेतली की दोन-तीन तासांत पातळ जुलाब. गोळी रात्री घेतली, ब्रँड बदलला, पाणी वाढवलं, फरक शून्य. महिनाभर नुसता वैताग.

कारण सोपं होतं. ऑक्साइड फार कमी शोषलं जातं; उरलेलं आतड्यात पाणी ओढतं. (रेचक म्हणून ते वापरतात ते उगाच नाही.)

आधी गोळी आठवडाभर बंद. मग आहार: रोज ३० ग्रॅम सोललेल्या भोपळ्याच्या बिया, म्हणजे साधारण १५० मिग्रॅ मॅग्नेशियम, आणि ३० ग्रॅम बदाम, सुमारे ८० मिग्रॅ. पोट स्थिरावल्यावर मॅग्नेशियम ग्लायसिनेट (मॅग्नेशियमच्या गोळीचा दुसरा प्रकार), त्यातून १०० मिग्रॅ मॅग्नेशियम, जेवणासोबत. आठवड्याने रात्रीच्या जेवणासोबत आणखी १००. तिथेच थांबलो, कारण प्रौढ पुरुषाची गरज ४००-४२० मिग्रॅ असते आणि उरलेलं बिया-बदाम आणि रोजच्या जेवणातून मिळतंच.

लेबलवर ‘एलिमेंटल’ आकडाच बघा, म्हणजे गोळीत प्रत्यक्ष मॅग्नेशियम किती आहे तो. ग्लायसिनेटच्या वजनात मॅग्नेशियम जेमतेम १४ टक्के असतं. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. थायरॉइडची गोळी चालू असेल तर चार तासांचं अंतर ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूरक गोळी नको.