कोल्हापूर जिल्ह्यातील जुन्या कीटक-नमुन्यांची नोंद कशी करावी

संग्रहालयातील किंवा महाविद्यालयातील कीटकांच्या पेट्या आणि कुप्या उघडून जिल्ह्याची सूची करायला घेतल्यावर चिठ्ठीवरील मजकूर पहिल्या रकान्यात जसाच्या तसा उतरवावा. गावाचे नाव चुकीचे लिहिलेले असले किंवा तारीख अर्धवट असली, तरी तिथे दुरुस्ती करू नये. आपण लावलेला अर्थ दुसऱ्या रकान्यात आणि त्याचा आधार तिसऱ्या रकान्यात लिहावा.

कोल्हापूरच्या बाबतीत ही शिस्त फार गरजेची आहे. १९४९ पूर्वीच्या चिठ्ठीवरील ‘कोल्हापूर’ म्हणजे संस्थानही असू शकते, आणि आज बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबाग तेव्हा त्या संस्थानात होते. उलट चंदगड तालुका १९५६ साली या जिल्ह्यात आला, त्यामुळे त्याआधी ‘बेळगाव’ म्हणून नोंदलेला नमुना आजच्या कोल्हापूरचा निघू शकतो. नुसते ‘कोल्हापूर’ वाचून नकाशावर शहराच्या मध्यभागी खूण केली, तर खळाळत्या, स्वच्छ ओढ्यात वाढणारी स्टोनफ्लाय (एक पाणकीटक) शहरातल्या रंकाळा तलावाच्या काठी राहते असे दिसू लागते. म्हणून अक्षांश-रेखांशासोबत किती किलोमीटरची अनिश्चितता आहे, तेही लिहावेच.

तारखेत महिना बहुधा रोमन अंकात असतो: ‘१२.vi.’ म्हणजे १२ जून. ‘४/७’ असे असेल, तर दिवस कोणता आणि महिना कोणता, हे त्याच संग्राहकाच्या इतर चिठ्ठ्या पाहूनच ठरवावे.

स्टोनफ्लायचे नमुने सहसा ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये असतात. बाहेरची चिठ्ठी गळून पडते आणि बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरते, म्हणून नवी चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आतच ठेवावी. जुनी मात्र काढू नये. पाण्यातील पिल्लू ओळखताना केवळ शेपट्या मोजून भागत नाही, कारण जुन्या नमुन्यांत त्या तुटलेल्या असतात आणि मेफ्लाय या दुसऱ्या पाणकीटकांपैकी काहींनाही दोनच शेपट्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पायाचे टोक पाहावे: स्टोनफ्लायच्या प्रत्येक पायाला दोन नख्या असतात, मेफ्लायच्या पिल्लाला एकच. सह्याद्रीत आढळणाऱ्या निओपर्ला या स्टोनफ्लायच्या प्रजातीतील (genus) जाती (species) मुख्यतः प्रौढ नराच्या जननेंद्रियांवरून ठरतात. त्यामुळे पिल्लाची नोंद प्रजातीपर्यंत किंवा कुळापर्यंतच थांबवणे हेच प्रामाणिक काम होय.

नवे नमुने गोळा करणार असाल, तर ओढा, गाव, तालुका, उंची, तारीख आणि संग्राहकाचे नाव जागेवरच लिहावे. राधानगरी अभयारण्यात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलू नये, आणि त्या परवानगीचा क्रमांकही नोंदीत असावा.

ज्यांची चिठ्ठी हरवली आहे, ते नमुने टाकून देऊ नयेत. त्यांना क्रमांक द्यावा, ठिकाणाचा रकाना रिकामा ठेवावा आणि जिल्ह्याच्या सूचीत त्यांना धरू नये.